एसी गार करत नाही म्हणजे 'गॅस संपला'? खरी कारणं शोधायचा धागा

काटकोन

मार्च उजाडला की गॅरेजांबाहेर पाट्या लागतात, 'कार एसी गॅस भरून मिळेल'. गाडी नेली की बॉनेट उघडायच्या आधीच निदान तयार असतं. गॅस कमी आहे. भरला की गार लागतं, आणि पुढच्या मार्चला तीच पाटी, तेच निदान.

एसीचा गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो जळत नाही. बंद नळ्यांमधून तोच तो गॅस फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी निसटलाय, आणि कमी झालेलाच नसेल तर वर आणखी भरून बिघाड वाढवला जातोय. छोट्या हॅचबॅकमध्ये मुळात ३५० ते ४५० ग्रॅमच मावतो. बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर नेमका आकडा असतो, तो वाचायचे कष्ट फारसं कुणी घेत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. गेज (गॅसचा दाब मोजायचं मीटर) न लावता कारणाचा अंदाज कसा घ्यायचा? आणि 'गॅस भरावा लागेल' असं ऐकलं की समोरच्याला नेमकं काय विचारायचं? आमच्या गाडीला महाबळेश्वरला काय झालं हे कृपया नको. लक्षण, भाग, आकडा एवढंच लिहा.

चहाबाज

पहिला! घरात सगळ्या दुखण्यांवर आल्याचा चहा, गॅरेजात सगळ्या एसींवर गॅस. खुर्ची ओढून बसलोय.

पाना-पक्कड

गेजच्या आधी बोटं वापरा. इंजिन चालू, एसी फुल, ब्लोअर फुल, दारं उघडी. पाच मिनिटं थांबा. डॅशबोर्डच्या मागे, म्हणजे इंजिनखोलीच्या मागच्या पत्र्यातून आत जाणाऱ्या दोन अॅल्युमिनियमच्या नळ्या शोधा, एक जाड आणि एक बारीक. पंखा आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवा, बाह्या वर.

जाड नळी फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखी गार हवी आणि तिला घाम फुटलेला हवा. बारीक नळी गरम, पण धरून ठेवता येईल इतपत.

आता गडबड कशी ओळखायची. जाड नळी जेमतेम थंड आणि बारीक नळी हवेइतकीच असेल तर गॅस कमी असल्याची शंका घ्या. त्यातच कॉम्प्रेसरचा (गॅस दाबणाऱ्या पंपाचा) क्लच, म्हणजे त्याला पुलीशी जोडणारी चुंबकी चकती, पाच-दहा सेकंदांत टक करून लागतो, टक करून सुटतो असं चालू असेल तर शंका बळकट, कारण लो प्रेशरचा स्विच त्याला तोडतोय. बारीक नळीला हात लावला की चटका बसत असेल तर कंडेन्सर (पुढच्या जाळीमागे बसवलेला, गॅस निववणारा भाग) उष्णता बाहेर टाकत नाही. दोन्ही नळ्या सारख्याच तापमानाच्या असतील तर कॉम्प्रेसर फिरत नाही, किंवा फिरतोय पण दाब तयार करत नाही. आणि बारीक नळी मध्येच एखाद्या जागी गार पडली, दंव धरलं, तर चोकअप बरोबर त्या जागी आहे, बहुतेक वेळा ड्रायरमध्ये (गॅसमधली ओल शोषणाऱ्या डबीत).

हात लावून बघायचं काम दोन मिनिटांचं, अर्धं निदान इथेच होतं.

टायमिंगबेल्ट

@काटकोन, 'कमी झाला असेल तर कुठून तरी निसटलाय', म्हणजे गळतीच, हे मात्र तितकंसं खरं नाही. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून अगदी थोडा गॅस झिरपत राहतो. सगळं ठाकठीक असलं तरी वर्षाला दहा-पंधरा ग्रॅम धरा. ४०० ग्रॅमच्या सिस्टीममध्ये आठ वर्षांनी शंभरेक ग्रॅम गेले तर ते गळती नसून वय आहे. अशा गाडीचा गॅस काढून, मोजून, नव्याने भरणं यात फसवणूक काहीच नाही.

काटकोन

मान्य, वाक्य सुधारून घेतो. आठ वर्षांत एकदा ठीक. दरवर्षी भरावा लागत असेल तर त्याला गळतीच म्हणायचं. आणि ज्या वाटेने गॅस जातो त्याच वाटेने तेलही जातं, हे कोणी सांगत नाही.

शून्य_अंश

तेलाबद्दल अगदी बरोबर. कॉम्प्रेसरला इंजिनासारखा वेगळा ऑइल पंप नसतो. गॅसबरोबर फिरून परत येणारं तेल हेच त्याचं वंगण. छोट्या गाडीत सगळं मिळून शंभर-दीडशे मिली. गॅस कमी झाला की तेल कूलिंग कॉईलमध्ये (केबिनची हवा गार करणाऱ्या भागात) अडकून बसतं, परत येत नाही, आणि कॉम्प्रेसर कोरडा घासतो. म्हणजे दरवर्षीचा टॉप-अप स्वस्त दिसतो खरा, पण त्याचं बिल कॉम्प्रेसरच्या रूपाने येतं.

गळती शोधायची खूणही तेलच. गॅस उडून जातो, तेल मागे राहतं आणि त्यावर धूळ बसते. नळीच्या जोडावर, कंडेन्सरच्या कडेला, कॉम्प्रेसरच्या क्लचमागे काळपट ओशट डाग दिसला, बोट फिरवल्यावर चिकट लागलं, की गळतीची जागा तीच समजा. सर्व्हिस पोर्टची प्लॅस्टिकची टोपी काढून आत दोन थेंब साबणाचं पाणी टाका. बुडबुडा फुगला तर पिन व्हॉल्व्ह गळतोय. काही रुपयांची पिन, आणि तिच्यापायी तीन-तीन वर्षं गॅस भरला जातो. त्या टोप्या हरवू देऊ नका, आतली रबरी वायसर हे पिनचं दुसरं कुलूप आहे.

डाग दिसला नाही तर नायट्रोजन मारून घ्या, १५० ते २०० पीएसआय (दाबाचं एकक, धाग्यातले दाब त्यातच), रेग्युलेटर लावूनच, आणि प्रत्येक जोडाला साबणाचा फेस. ऑक्सिजन चुकूनही नको. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले तर स्फोट होतो. टायरच्या कॉम्प्रेसरची हवाही नको, तिच्यात पाणी असतं, आणि गॅस उरलेला असेल तर दाबाखालचं ते मिश्रण पेट घेऊ शकतं.

कूलिंग कॉईल डॅशच्या आत असते, फेस लावता येत नाही. तिथे इलेक्ट्रॉनिक डिटेक्टरचं टोक गाडीखालच्या पाण्याच्या ड्रेन पाइपाशी धरायचं. एसी बंद करून पंधरा मिनिटांनी. गॅस हवेपेक्षा जड, तो तिथेच उतरतो.

पाना-पक्कड

बहुतेक ठिकाणी व्हॅक्युम मारतात, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा ओढून घेतात, काटा दहा मिनिटं हलला नाही की 'लीक नाही' म्हणून मोकळे होतात. यावर काय म्हणणं?

शून्य_अंश

तो अर्धवट पुरावा आहे. व्हॅक्युममध्ये फरक असतो जेमतेम १४ पीएसआयचा, तोही बाहेरून आत दाबणारा. चालू एसीत आतून बाहेर २०० ते ३०० पीएसआय असतात. काही ओरिंग (जोडांतल्या रबरी कड्या) व्हॅक्युमने उलट घट्ट बसतात. काटा पडला तर लीक नक्की आहे. काटा टिकला तर मोठा लीक नाही, इतकंच कळतं.

व्हॅक्युमचं खरं काम ओल काढणं. ३० अंशाला पाणी ४२ मिलिबारच्या खाली उकळतं, म्हणून निदान अर्धा-पाऊण तास पंप चालायला हवा. दहा मिनिटांत नळीतली हवा जाते, ड्रायरमधली ओल जात नाही. ती ओल पुढे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (कॉईलच्या आधीच्या बारीक तोटीच्या) तोंडाशी बर्फ होऊन बसते. एसी थोडा वेळ गार, मग गरम, मग आपोआप पुन्हा गार.

वऱ्हाडी_ठेचा

राजेहो, एक गोष्ट लिहून ठेवा. व्हॅक्युमचा काटा २९ इंचांवर (पाऱ्याच्या) गेला नाही म्हणून पंपाला शिव्या देणारे लय पाहिले. समुद्रसपाटीपासून जितके वर, तितका काटा कमी. मुंबईत २९ च्या पुढं जाईन, पुण्यात २८ च्या आसपास थांबन, महाबळेश्वरात साडेपंचवीस. पंप चांगला असला तरी.

काटकोन

महाबळेश्वर आलंच शेवटी धाग्यात.

दर्यावर्दी

कोकण किनाऱ्याची दोन दुखणी घाटावरच्यांच्या लक्षात येत नाहीत. खारी हवा कंडेन्सरला खाते. त्याच्या नळ्यांमधल्या पातळ पट्ट्या बोट लावलं की पिठासारख्या झडतात, खालच्या दोन-तीन इंचांत आधी, कारण चिखल आणि मीठ तिथेच साचतं. पट्ट्या गेल्या की नळी शाबूत असूनही उष्णता बाहेर पडत नाही, म्हणजे गॅस पूर्ण आणि गारवा अर्धा. पावसाळ्यानंतर साध्या पाइपच्या पाण्याने पुढून धुवायचा. वॉशिंगच्या प्रेशर गनचं तोंड जवळ नेलं की पट्ट्या आडव्या पडतात आणि वाट आणखी बंद.

दुसरं दमट हवा. मे महिन्यात रत्नागिरीला आणि नागपूरला एकाच गाडीचे आकडे जुळणार नाहीत. आमच्याकडे एसीची निम्मी ताकद हवेतलं पाणी काढण्यात जाते. ३४ अंश आणि चिकचिकाट असेल तर डॅशबोर्डच्या मधल्या जाळीतून १२-१३ अंशांची हवा आली तरी एसी निरोगी समजा. गाडीखाली पाण्याची धार लागलेली असते, तीच पावती.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्या इकडं उलट. हवा कोरडी, पण ४५ अंश. गॅस कंडेन्सरमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा २०-२५ अंश जास्त तापमानाला द्रव होते. ४५ अधिक २०-२५ म्हणजे ६५ ते ७०, आणि आर-१३४ए चा (आपल्या गाड्यांतल्या नेहमीच्या गॅसचा) त्या तापमानाचा दाब २६० ते २९० पीएसआय. हायचा, म्हणजे कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गॅसच्या दाबाचा, काटा तिथं दिसला की बाहेरगावचा मेकॅनिक घाबरून गॅस काढते. काढू नका, भाऊ. तेच ३५ अंशाला २०० ते २३० पाहिजे. बाहेरचं तापमान न विचारता फक्त दाब पाहून निदान करणारा माणूस अंदाजपंचे काम करून राहिला.

जास्वंद

माझा प्रश्न नेमका आहे, आकडे देते. सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. हायवेवर मस्त गार, सिग्नलला पाच मिनिटांत कोमट. मागच्या महिन्यात 'थोडा टॉप-अप' झालाय, त्यानंतर सिग्नलचा त्रास वाढला. आज बाहेर ३२ अंश. एसी बंद, गाडी सावलीत रात्रभर उभी, सकाळी २५ अंशाला स्टॅटिक दाब ८३. आयडलला चालू केल्यावर लो (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब) ५८, हाय ३१५. बारीक नळीला हात लावता येत नाही. गॅस कमी आहे की कॉम्प्रेसर गेला? दोन गॅरेजांची दोन मतं आहेत.

टायमिंगबेल्ट

दोन्ही नाही. गॅस कमी असता तर दोन्ही काटे खाली असते. कॉम्प्रेसर कमजोर असता तर लो चढलेला आणि हाय पडलेला असता, समजा ७० आणि १३०. तुमचे दोन्ही चढलेत, म्हणजे उष्णता बाहेर जात नाही. तीन संशयित आहेत: पंखा, कंडेन्सर, जास्तीचा गॅस.

शून्य_अंश

चौथा संशयित गॅसमध्ये मिसळलेली हवा, पण तो तुम्हीच सोडवलात. आर-१३४ए चा दाब तापमानाला बांधलेला असतो. २५ अंशाला ८२, ३० ला ९७, ३५ ला ११४. तुमचे ८३ म्हणजे आत हवा नाही. शंभराच्या वर असते तर हवा. मात्र स्टॅटिक दाबावरून गॅस *किती* आहे हे कळत नाही. आत द्रवाचा थोडा जरी साठा असला तरी दाब तोच राहतो, सिलिंडर भरलेला असो की तळाला लागलेला. स्टॅटिक बघून 'पुरेसा आहे' म्हणणारे इथेच फसतात.

पाना-पक्कड

जास्वंदताई, हे करून बघा. गेज लावलेलं, गाडी आयडलला, हाय ३१५. पिण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर पाणी शिंपडा. अर्ध्या मिनिटात हाय २२०-२३० वर आला आणि आतली हवा गार झाली, तर कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह सगळं ठणठणीत आहे, फक्त हवा पुरत नाही.

मग पंखा बघा. नुसता फिरतोय हे बघून समाधान मानू नका. एक वर्तमानपत्राचं पान जाळीसमोर धरा. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर पान कंडेन्सरला ओढून चिकटलं पाहिजे. नुसतं फडफडून खाली पडलं तर पंखा कमी वेगात आहे. बाहेर ढकललं गेलं तर मोटर बदलताना वायरी उलट जोडल्या आहेत. उलट पंख्याची गाडी आयडलला थोडी बरी आणि चाळीसच्या वेगाला वाईट वागते, कारण समोरून येणारा वारा आणि पंखा एकमेकांशी भांडतात.

चहाबाज

पान कोणतं घ्यावं? अग्रलेखाचं जड असतं, चिकटणार नाही.

पाना-पक्कड

छोट्या जाहिरातींचं. हलकं असतं आणि गाडी विकायची वेळ आलीच तर हाताशी.

टायमिंगबेल्ट

पंख्याला दोन वेग असतील तर आणखी एक बघा. हळू वेग बऱ्याच गाड्यांत रेझिस्टरमधून येतो. हा रेझिस्टर पंख्याच्या चौकटीवर बसवलेला, चिखल-पाण्यात गंजून तुटतो. मग एसी लावला की पंखा गप्प, आणि इंजिनाचं पाणी ९५-१०० अंशांना पोचलं की एकदम मोठ्या वेगात घों करतो. मालकाला वाटतं पंखा चालू आहे की! एसी लावल्याच्या क्षणी किंवा काही सेकंदांत पंखा लागायला हवा, इंजिन तापायची वाट न बघता.

म्युनिककर

युरोपातली एक गोष्ट, काटकोन यांच्या मुद्द्याला धरून. युरोपीय संघाचा २००६ चा कार एसीविषयीचा निर्देश आहे. त्यात सरळ म्हटलंय की सिस्टीममधून गॅस अवाजवी प्रमाणात गळला असेल तर दुरुस्ती होईपर्यंत वर्कशॉपने तो भरायचा नाही. आधी लीक, मग गॅस. शिवाय जानेवारी २०१७ पासून तिथल्या सगळ्या नव्या गाड्यांत आर-१३४ए बंद. कारण तापमानवाढीची त्याची क्षमता कार्बन डायॉक्साइडच्या १४३० पट. ४५० ग्रॅमचा एक डबा हवेत गेला तर सुमारे ६४० किलो कार्बन डायॉक्साइड सोडल्यासारखं. आता आर-१२३४वायएफ येतो. दाब साधारण सारखे, पण सर्व्हिस पोर्ट वेगळे, तेल वेगळं, थोडासा ज्वलनशील, आणि महाग. जुन्या गेजला जुगाडी अॅडाप्टर लावून एकात दुसरा मिसळू नका.

दर्यावर्दी

आपल्याकडे गॅस 'काढला' म्हणजे पिन दाबून फुस्स करून हवेत सोडला. रिकव्हरी मशीन असलेलं दुकान शोधा. त्याने गॅस जपला जातो हे आहेच, पण आत किती होता हे वजनाने कळतं. लीक आहे का, किती मोठा, याचं पहिलं उत्तर ते वजन.

वऱ्हाडी_ठेचा

आणि डब्यात नेमकं काय आहे तेही पाहा. सीलबंद डबा रात्रभर खोलीत ठेवा, खोलीचं तापमान मोजा, गेज लावा. ३० अंशाला ९७ च्या जागी दीडशेच्या वर काटा गेला तर आत आर-२२ आहे, घरच्या एसीचा जुना गॅस.

शून्य_अंश

ही चाचणी अर्धीच चालते. प्रोपेन-ब्युटेनची मिश्रणं मुद्दाम आर-१३४ए सारख्या दाबाची बनवतात, गेजला फरक कळत नाही. गारही करतात, किंबहुना चांगलं करतात, म्हणून लोक खूश. पण कूलिंग कॉईल फुटली तर तो गॅस सरळ केबिनमध्ये येतो. स्वस्त डब्यावर गॅसचं नाव नुसतं 'एसी गॅस' असेल तर सोडून द्या. गळती बंद करणारं औषध मिसळलेले डबेही नकोत. ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये आणि पुढच्या माणसाच्या मशीनमध्ये घट्ट होऊन बसतं.

टायमिंगबेल्ट

सगळे गॅसवरच बोलताय. वायरिंगची बाजू राहिली. क्लच लागतच नसेल तर क्रम असा: फ्यूज, रिले (बाजूचा तसाच दुसरा रिले लावून बघा), मग क्लचच्या प्लगवर १२ व्होल्ट येतात का. येत असूनही टक होत नसेल तर कॉईल मोजा. साधारण ३ ते ४ ओहम हवा, करंट साडेतीन-चार अँपिअर. मीटर 'ओपन' (म्हणजे आत कुठेतरी तुटलंय असं) दाखवत असेल तर कॉईल जळली किंवा तिच्यातला थर्मल फ्यूज उडाला.

व्होल्टेज येतच नसेल तर प्रेशर स्विच. दाब साधारण २८ पीएसआयच्या खाली गेला किंवा ४५० च्या वर चढला की तो कॉम्प्रेसर तोडतो. रिकाम्या सिस्टीममध्ये हा स्विच वायरने शॉर्ट करून कॉम्प्रेसर चालवून बघणारे महाभाग आहेत. तेल फिरत नसताना दोन मिनिटंसुद्धा पुरेशी होतात कॉम्प्रेसर मारायला.

आणि एक चकवा. सकाळी एसी छान, तासाभराने बंद, गाडी गार झाली की परत चालू. हे क्लचच्या गॅपचं लक्षण. प्लेट आणि पुलीमधलं अंतर ०.३ ते ०.६ मिमी हवं, फीलर गेजने तीन ठिकाणी मोजा. प्लेट झिजून ते एक मिमीच्या आसपास गेलं की कॉईल तापल्यावर तिचं चुंबक प्लेट ओढू शकत नाही. प्लेटखालची एक पातळ शिम (चकती) काढली की काम होतं. इथे लोकांनी अख्खे कॉम्प्रेसर बदललेत.

चहाबाज

उंदीरमामा विसरलात. प्रेशर स्विचची वायर त्यांची आवडती. तंबाखूच्या पुड्या ठेवून काही होत नाही, मामांना व्यसन लागतं फक्त.

दर्यावर्दी

नव्या गाड्यांत क्लचच नसतो, हे लिहून ठेवा. पुली कायम फिरते, आत कंट्रोल व्हॉल्व्ह पिस्टनचा स्ट्रोक कमी-जास्त करतो. 'टक' ऐकू येत नाही म्हणून कॉम्प्रेसर मेला असं ठरवू नये. तिथे लो-हाय जवळजवळ सारखे राहिले तर कॉम्प्रेसर काढण्याआधी तो व्हॉल्व्ह आणि त्याची वायर तपासा, अनेक मॉडेलांत तो सुटा मिळतो. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांचं तर वेगळंच. तिथला कॉम्प्रेसर विजेवर, त्यात पीओई जातीचं वेगळं तेल, कारण नेहमीच्या पीएजी तेलातून वीज झिरपते. केशरी वायरींना शिकलेल्या माणसानेच हात लावायचा.

जास्वंद

पाण्याची चाचणी केली. हाय ३१५ वरून २४० वर आला, हवाही गार झाली. कागद चिकटला नाही. एसी लावला की पंखा गप्प, इंजिन तापल्यावर मोठ्याने लागतो. टायमिंगबेल्ट यांनी लिहिलं तसं हुबेहूब.

टायमिंगबेल्ट

रेझिस्टर. प्लग काढून दोन टोकांत मोजा. एक ओहमच्या आत-बाहेर हवा. 'ओपन' आलं तर तोच. पण पाणी शिंपडूनही २४० वरच थांबला म्हणताय, ३२ अंशाला ते थोडं जास्त आहे. टॉप-अपचा जास्तीचा गॅसही काढून मोजून घ्या.

पाना-पक्कड

तोवर केबिनच्या बाजूचं उरकतो, कारण 'गार नाही' अशी तक्रार कितीदा तरी इथलीच असते आणि बाहेर गॅस भरला जातो.

हवाच कमी येते: ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढून उजेडात धरा. पलीकडचं दिसत नसेल तर फेका. वर्षातून एकदा किंवा दहा हजार किमीला बदला. फिल्टरच नसलेल्या गाडीत धूळ आणि कडुनिंबाची पानं थेट कॉईलवर बसून गोधडी तयार होते.

ब्लोअर फक्त चार नंबरवर चालतो: ब्लोअरचा रेझिस्टर. चार नंबर थेट जोडलेला असतो म्हणून तेवढाच वाचतो. नवा टाकूनही परत जळला तर ब्लोअरची मोटर जड झालीय, करंट जास्त ओढतेय.

जाड नळी गारठलेली, तरी आत कोमट: गरम हवेचा फ्लॅप पूर्ण मिटत नाही. हीटरकडे जाणारा रबरी होज कापड गुंडाळून पक्कडने हलकेच दाबा. जाळीतली हवा चार-पाच अंशांनी उतरली तर केबल किंवा फ्लॅपची छोटी मोटर. डॅशमागे टक-टक-टक असा बारीक आवाज हे मोटरचे दात तुटल्याचं लक्षण.

आणि लांबच्या प्रवासात तास-दीड तासाने हवा येणंच कमी होतं, दहा मिनिटं एसी बंद ठेवला की पुन्हा सुरळीत: कॉईलवर बर्फ. ३-४ अंशांना कॉम्प्रेसर तोडायचं काम थर्मिस्टरचं (कॉईलचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं), तो चुकीचं वाचतोय किंवा आपल्या जागेवरून निसटलाय. यातही गॅस भरला जातो, काय बोलावं!

शून्य_अंश

ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाशी पाणी साचलं तर ड्रेन पाइप तुंबलाय, खालून हलकी हवा मारा. वास येत असेल तर घरी पोचायच्या तीन-चार मिनिटं आधी एसी बंद करून ब्लोअर चालू ठेवा, कॉईल सुकते. अत्तराच्या कुप्या बुरशीला मारत नाहीत.

एक राहिलं. कॉम्प्रेसर आतून तुटला असेल, नळीत काळं तेल आणि चकाकता चुरा दिसला, तर नुसता कॉम्प्रेसर बदलून देणाऱ्याकडे जाऊ नका. तो चुरा कंडेन्सरच्या केसासारख्या बारीक वाटांमध्ये अडकलेला असतो, आणि हल्लीचे कंडेन्सर फ्लश करून साफ होत नाहीत. कंडेन्सर, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह तिन्ही नवे, नळ्या फ्लश. नाहीतर नव्या कॉम्प्रेसरला तोच चुरा पाजला जातो.

वऱ्हाडी_ठेचा

आता काटकोनभाऊच्या दुसऱ्या प्रश्नाचं काय? काय विचारायचं मेकॅनिकले?

पाना-पक्कड

मी एकच विचारेन. 'गॅस काढल्यावर किती ग्रॅम निघाला?' ४२० ची सिस्टीम आणि ४०० निघाला तर गॅस हे कारण नाही, दुसरं शोध. १५० निघाला तर लीक दाखव, मग भर. या प्रश्नाचं उत्तर नसेल तर त्याच्याकडे मशीन नाही किंवा इच्छा नाही.

दर्यावर्दी

छोट्या गावात मशीन कुठून आणणार? तिथे हे विचारा: भरताना डबा वजनकाट्यावर ठेवणार का? दहा-पाच ग्रॅमपर्यंत मोजणारा साधा इलेक्ट्रॉनिक काटा चालतो. गेजच्या काट्यावर आणि 'गार लागतंय की' यावर भरलेला गॅस शंभर ग्रॅमने सहज चुकतो.

शून्य_अंश

दोघांशी सहमत. त्याशिवाय 'तेल किती टाकलं?' हेही विचारा. कंडेन्सर बदलला तर तीस-चाळीस मिली, कॉईल बदलली तर चाळीस-पन्नास, ड्रायरला दहा-वीस. तेल जास्त झालं तरी गारवा कमी होतो. आणि सिस्टीम उघडली की ड्रायर नवा, ओरिंग नव्या, तेल लावून बसवलेल्या. जुनी ओरिंग पुसून परत लावताना दिसली तर गाडी थांबवा.

टायमिंगबेल्ट

माझा थोडा मतभेद. साधा मेकॅनिक एवढ्या चौकशीने बिथरतो. नळ्यांना हात लावून बघा, पंखा बघा, फिल्टर बघा आणि लक्षण लिहूनच घेऊन जा: कधी गार, कधी गरम, किती वेळाने. 'एसी चालत नाही' एवढंच सांगितलं की उत्तर गॅसच येणार.

जास्वंद

रेझिस्टर ओपनच निघाला, बदलला. गॅस मशीनवर काढला. स्टिकरवर ४२०, निघाले ५३५ ग्रॅम. व्हॅक्युम पाऊण तास, मोजून ४२० भरला. आता ३३ अंशाला आयडलवर लो ३८, हाय २१५, मधल्या जाळीत ९ अंश.

काटकोन

म्हणजे 'गॅस कमी' म्हणून केलेल्या टॉप-अपनंतर ११५ ग्रॅम जास्त झाला होता! शीर्षकातलं प्रश्नचिन्ह काढू का?

चहाबाज

राहू द्या. पुढच्या मार्चला धागा वर आणायला कामाला येईल.